चेनसॉ मांडीवर नको: ट्रॅक्टरवर अवजारं नेण्याबद्दल तुमचे प्रश्न

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या बागा आडव्या केल्या, तेव्हापासून आमच्या भागात घरोघरी चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, आला. मशीन आलं, पण ते बागेपर्यंत न्यायचं कसं, याचा विचार मागेच राहिला. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

माझा लहान ट्रॅक्टर आहे. गडी मडगार्डवर बसतो आणि चेनसॉ मांडीवर धरतो. दुसरी काय सोय करता येईल? (दापोली)

आधी हे आजच थांबवा. मडगार्ड ही बसायची जागा नाही. बांधावरून चाक उतरलं की माणूस सुटतो आणि त्याच्या मांडीवर दात लावलेली साखळी असते. गड्याला चालत येऊ द्या, मशीन ट्रॅक्टरवर जाऊ द्या.

सोय घरीच होते. बारा मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या घ्या. दोन्ही उभ्या कडांना मधे पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्या फळ्या स्क्रूने जोडा. हे झालं म्यान. अठरा इंची बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) असेल तर खोली पन्नास सेंटिमीटर ठेवा. रुंदी मात्र साखळीसकट स्वतः मोजून घ्या, वर बोटभर मोकळीक द्या. तळ पूर्ण बंद करू नका, भुसा आणि साखळीचं तेल तिथून खाली गेलं पाहिजे. बार खाली आणि इंजिन वर, असा चेनसॉ त्यात उभा बसतो. मागच्या मुठीवरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून हुकात अडकवली की तो उसळत नाही.

म्यान लाकडाचंच का? साखळीचे दात लोखंडावर दोनशे मीटर घासले तरी धार जाते आणि मग बागेत कानस घेऊन बसावं लागतं. पत्र्याची पेटीच वापरायची असेल तर आत जुन्या टायरचं रबर चिकटवा.

आता हे म्यान कुठे लावायचं? तुमचा थ्री पॉइंट (मागे अवजार अडकवायची तीन टोकांची जोडणी) रिकामा असेल तर तिथे कॅरियर करा. चाळीस बाय चाळीसच्या पाच मिलिमीटर अँगलची चौकट, खाली दोन लिंक पिना, वर टॉप लिंकसाठी, म्हणजे वरच्या मधल्या दांड्यासाठी, दोन कान. कॅटेगरी एकच्या (हे या जोडणीचं माप) ट्रॅक्टरला खालच्या पिना बावीस मिलिमीटरच्या आणि वरची एकोणीसची लागते. दोन लिंकमधलं अंतर लहान ट्रॅक्टरमध्ये कमी असतं, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडे कागद नको, ट्रॅक्टरच घेऊन जा. चौकटीला चार पाय लावा. इंजिन बंद केल्यावर कॅरियर कधीच उचललेला ठेवू नका. हायड्रॉलिक हळूहळू बसतं आणि खाली कोणाचा तरी पाय असतो.

एक गोष्ट कोकणात विसरून चालणार नाही. मागच्या आसाच्या पलीकडे टाकलेलं प्रत्येक किलो पुढची चाकं हलकी करतं. चढावर स्टेअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. कॅरियरवर चेनसॉ, कॅन, पहार, कुऱ्हाड एवढंच ठेवा, लाकडाचे ओंडके नकोत. तरीही पुढचं टोक हलकं लागलं तर बंपरवर वजनं लावा.

चेनसॉ म्यानात घालण्याआधी इंजिन बंद, चेन ब्रेक पुढे ढकलून लावलेला आणि सायलेन्सर हात लावण्याइतका थंड. तिन्ही बघा, दर वेळी.

मडगार्डवर पत्र्याची पेटी वेल्ड केली होती. दोन महिन्यांत मडगार्डच फाटलं. वेल्डिंग कच्चं होतं का? (संगमेश्वर)

वेल्डिंग पक्कं होतं म्हणूनच फाटलं. मडगार्ड पातळ पत्र्याचं, पेटी जड, आणि ट्रॅक्टर दिवसभर थरथरतो. ती सगळी थरथर वेल्डच्या कडेला एका रेषेत जमते आणि पत्रा तिथेच तडकतो.

पेटी बोल्टने बसवा. मडगार्डखालून पाच मिलिमीटरची पट्टी द्या, म्हणजे भार पसरतो. पेटी आणि मडगार्ड यांच्यात टायरच्या रबराचा तुकडा ठेवा. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, साधे आठवडाभरात ढिले होतात. शक्य असेल तिथे कंपनीने दिलेल्या भोकांचाच उपयोग करा. गिअरबॉक्स आणि मागच्या आसाचं घर बिडाचं असतं. त्यावर वेल्ड मारलं तर ते तडकतं आणि तो खर्च पेटीच्या कितीतरी पट होतो. ट्रॅक्टरवर कुठेही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची तार काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

पेट्रोल आणि तेलाचे कॅन कसे न्यावेत? आम्ही बिसलेरीच्या बाटलीत नेतो. (सत्तरी, गोवा)

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको. उन्हात कोणीतरी तहानेने ती तोंडाला लावतो. पातळ प्लॅस्टिक फुगतं, बूच सुटतं, आणि लहान ट्रॅक्टरचा सायलेन्सर अनेकदा खालून, बाजूने गेलेला असतो. इंधनासाठीच बनवलेला जाड कॅन घ्या, सायलेन्सरच्या उलट बाजूला ठेवा, आणि त्याच्यासाठी मापाचा अँगलचा कप्पा करा, म्हणजे तो हलणार नाही. भरताना वर थोडी जागा सोडा.

चेनसॉला पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं, त्या मिश्रणाचं प्रमाण कॅनवरच रंगाने लिहून टाका. मशीनला ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल, २५:१ असेल तर ४० मिली. साखळीच्या तेलाचा कॅन वेगळ्या रंगाचा असू द्या, घाईत दोन्ही एकमेकांत जातात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओलावाच असतो. म्हणून मिश्रण महिन्याभराचं करू नका, आठवड्यापुरतंच करा.

द्राक्षबागेत मागे कायम फवारणीचा ब्लोअर असतो, कॅरियर लावताच येत नाही. जुनी बाग काढताना चेनसॉ, पहार, कोयता कुठे ठेवू? (निफाड)

मग पुढे. बंपरच्या भोकांत बोल्टने चौकट बसवली तर तिचं वजन तुमच्या उपयोगाचंच आहे, कारण मागे ब्लोअर पुढचं टोक उचलतोच. मात्र चौकट रेडिएटरच्या जाळीसमोर येऊ देऊ नका, हवा अडली की इंजिन तापतं. म्यान इथे आडवं बसवा आणि टाक्यांची झाकणं वर राहतील असं बघा, नाहीतर सगळं तेल बंपरवर.

पहारीसाठी जाड पाइपाचा तुकडा बॉनेटच्या बाजूला, चाक पूर्ण वळवल्यावर लागणार नाही असा, आडवा क्लॅम्प करा. पुढचं टोक बंद, मागे पहार अडवायला खिळा. काही बाहेर डोकावता कामा नये. तारेत किंवा ओलांड्यात (वेलीच्या आडव्या फांदीत) अडकलं तर वेल तुटेल किंवा हात जाईल. पीटीओजवळ (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याजवळ) दोरी, पट्टा, पोतं काहीही लोंबू देऊ नका.

आणि पायाखाली काही नको. अनेक वर्षांपूर्वी उतारावर माझा एक पाना घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेला. पेडल अर्ध्यावर अडकलं. बांधाने ट्रॅक्टर थांबवला म्हणून हे लिहितोय. त्या दिवसापासून माझ्या ट्रॅक्टरच्या फळीवर एक खिळाही सुटा नसतो.

रोल बारला भोकं पाडून हुक लावले तर? (कागल)

नाही. ट्रॅक्टर उलटला तर तुमचा जीव त्या पाइपावर आहे, आणि भोक किंवा वेल्ड त्याला तिथेच कमजोर करतं. ऊन-पावसासाठी बसवलेलं छत असेल तर ते संरक्षण नाही, आणि त्यावर डोक्याच्या उंचीला कुऱ्हाड टांगणं तर नकोच.

वाटेत अडवलं तर कागद लागतात का? (लांजा)

साग, खैर अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. परवानगीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा.

प्रथमोपचाराची पेटी सीटमागे ठेवली आहे. बरोबर आहे ना? (चिपळूण)

पेटी आहे हे उत्तम, जागा बदला. चेनसॉची जखम खोल असते आणि रक्त वेगाने जातं. जाड कापड किंवा बँडेज जोरात दाबून धरावं लागतं, तेही लगेच. काम करताना तुम्ही ट्रॅक्टरपासून लांब असता, म्हणून एक बँडेज आणि फोन खिशातच ठेवा. पेटी पायरीजवळ खाली लावा, खाली पडलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर.