आघात आधी, ठणका नंतर

प्रश्न : पायाच्या बोटाला ठेच लागली की आघात तत्क्षणी जाणवतो, पण ठणकणारी कळ किंचित उशिरा का येते?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. चेतापेशीच्या अक्षतंतूतून, म्हणजे तिच्या लांब धाग्यासारख्या शाखेतून, संदेश तारेतील विजेसारखा वाहत नाही. पेशीच्या पटलातील (बाह्य पातळ आवरणातील) सूक्ष्म मार्ग उघडून सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात, त्यामुळे आतील सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा विभव (विद्युत दाब) क्षणार्धात उलटतो आणि हा बदल शेजारच्या भागाला जागवत पुढे सरकतो. स्पर्शाच्या जाड तंतूंवर मायलिनचे मेदयुक्त आवरण असते. त्यातील एका उघड्या फटीवरून दुसरीवर संदेश जणू उड्या घेत सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेग गाठतो. ठणका वाहणारे तंतू मात्र बारीक व आवरणहीन असल्यामुळे पायापासून मेरुरज्जूपर्यंतच (पाठीच्या कण्यातील चेतारज्जूपर्यंतच) त्यांना साधारण एक सेकंद लागतो.