कॅन्टीनमागची मांजरं आणि एचआरची नोटीस

प्रश्न : ताई नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपला मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या कॅन्टीनच्या मागे स्क्रॅप यार्डात मांजरं राहतात, आधी एकच भुरी मांजरी होती, आता पिल्लं धरून नऊ-दहा झालीत. मी आणि गेटवरचे सिक्युरिटी काका मिळून दूध-चपाती, उरलेला भात असं घालतो. जवळ येत नाहीत, हात पुढे केला की फिस्कारतात. आता पॅकिंगवाल्यांनी तक्रार केली की खोक्यांत घाण करतात, म्हणून एचआरनी नोटीस लावलीये, कोणी खायला घालायचं नाही, आणि हाउसकीपिंगच्या कॉन्ट्रॅक्टरला सांगितलंय की पोत्यात भरून लांब कुठेतरी सोडून या. मला नोकरीपण सांभाळायचीये. काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : दादा, आधी ती पोती थांबवा, बाकीचं नंतर बघू. लांब सोडलेल्या मांजराला तिथलं पाणी माहीत नसतं, खाणं माहीत नसतं, तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत, आणि परत यायच्या नादात बरीच रस्त्यावर गाडीखाली जातात. आणि पोत्यात सापडणार ती आई, पिल्लं स्क्रॅपच्या आत लपलेली राहणार, मग चार दिवसांनी वास सुटला की पुन्हा तक्रार. शिवाय कॅन्टीनचं खरकटं आहे तिथेच आहे, त्यामुळे जागा रिकामी झाली की शेजारच्या प्लॉटवरची मांजरं येतात. हे सगळं एचआरला सांगता येतं, शांतपणे. उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे कलम पहिल्याच मिटिंगला बाहेर काढू नका, समोरचा माणूस हट्टाला पेटतो आणि नोकरी तुमची आहे. खिशात असू द्या.

आता तुम्हाला न आवडणारं बोलते. पॅकिंगवाल्यांची तक्रार खोटी नाहीये. मांजरी साधारण दोन महिन्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पोरगी चार-पाच महिन्यांची झाली की तीही गाभण राहते. तुम्ही नुसतं खायला घालत राहिलात तर नऊची वीस व्हायला वेळ लागत नाही आणि मग एचआरच बरोबर ठरतं. खाणं घालणं हे अर्धं काम आहे हो, उरलेलं अर्धं म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन, आणि त्या दुसऱ्या अर्ध्यासाठीच पहिलं नीट करायचं असतं. कसं ते सांगते.

एक जागा ठरवा, कंपाउंडच्या भिंतीकडची, जिथे माणसांची आणि फोर्कलिफ्टची ये-जा नाही. एक वेळ ठरवा, शिफ्ट सुटल्यावरची वगैरे, जी तुम्ही किंवा काका रोज पाळू शकाल. ताटलीत घालायचं, अर्धा तास थांबायचं, उरलेलं उचलायचं, जागा धुवायची. (2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांसाठी हेच म्हटलंय, जागा आणि वेळ ठरवा, जिन्याजवळ, येण्याजाण्याच्या दाराजवळ आणि मुलं खेळतात तिथे नको. कंपनीलाही तेच तत्त्व चालतं.) दूध बंद करा, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा ते पचत नाही, जुलाब होतात, आणि तीच घाण मग खोक्यांत सापडते. त्याऐवजी पाणी ठेवा, पसरट भांड्यात, रोज बदलून. खायला उकडलेली कोंबडी किंवा मासळी भातात कुस्करून, मीठ-मसाला न घालता, काटे-हाडं काढून. जमलं तर थोडं तयार कॅट फूड, कुत्र्यांचं मात्र रोजचं म्हणून नको, त्यात मांजरांना लागणारं टॉरीन हे पोषकद्रव्य पुरेसं नसतं. कॅन्टीनच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तो मांजराला विषारी, म्हणून भाजी-रस्सा अजिबात नको.

असं रोज एका वेळेला मिळायला लागलं की मांजरं घड्याळ लावल्यासारखी हजर होतात आणि तिथेच पिंजरा कामाला येतो. उंदराच्या पिंजऱ्याचाच मोठा भाऊ असतो तो, आत पाय पडला की मागचं दार पडतं. प्राण्यांचं काम करणाऱ्या संस्था बऱ्याचदा वापरायला देतात, अनामत ठेवून. सुरुवातीला काही दिवस दार बांधून ठेवायचं आणि ताटली आतच ठेवायची, सवय होऊ द्यायची. मग आदल्या संध्याकाळचं खाणं बंद, आणि दुसऱ्या दिवशी सुकट नाहीतर भाजलेला बांगडा, त्याच्या वासापुढे भली भली शहाणी मांजर हरते. पकडली की लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाका, अंधार झाला की शांत होते. हाताने पकडायला जाऊ नका, हातमोजे घालूनसुद्धा नको.

तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी असेल, शॉप बंद, आवाज नाही, पकडायला तोच दिवस बरा. फक्त डॉक्टरांची वेळ आधी घेऊन ठेवा, नाहीतर मांजर पिंजऱ्यात आणि डॉक्टर गावाला असं होतं. पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करून स्पष्ट विचारा, मांजरांची नसबंदी करता का, कारण बऱ्याच ठिकाणी सगळा जोर कुत्र्यांवर असतो. मुंबईत महापालिकेने 2019 मध्ये मांजरांचीही सुरू केली. नाहीच झालं तर एखादा खाजगी डॉक्टर भटक्या मांजरांसाठी दर कमी करतो का बघा, आणि इथे वर्गणी काढायला लाजू नका.

आधी माद्या, बोके नंतर. एक बोका सुटा राहिला तरी सगळ्या माद्यांना पुरतो, त्यामुळे बोक्यांपासून सुरुवात करून आकडा हलत नाही. तिरंगी दिसली, काळी-पांढरी-नारिंगी, तर ती जवळजवळ नक्की मादीच असते. पाजत असलेली आई असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे तिला लवकर परत सोडता येईल, पिल्लं तिच्याशिवाय फार वेळ काढू शकत नाहीत. बाकी माद्यांना ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस कोरड्या बंद खोलीत ठेवायचं आणि मग सोडायचं ते जिथून उचललं तिथेच. बेशुद्ध असतानाच कानाचं टोक सरळ कापून घ्या, म्हणजे झालेली कोणती ते लांबून कळतं, आणि त्याच वेळी रेबीजची लस पण.

पिल्लांचं वेगळं. सात-आठ आठवड्यांच्या आत माणसाच्या हातात आली तर माणसाळतात आणि घरं मिळू शकतात, नंतर अवघड होत जातं. मोठ्यांना माणसाळवायच्या मागे लागू नका, त्यांना तुमचा लाड नकोय.

पॅकिंगवाल्यांसाठी दोन गोष्टी लगेच करता येतील. लांबच्या कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग टाका, मांजराला उकरायला मऊ जागा मिळाली की ती बहुतेक वेळा तिथेच जाते, आणि वाळू अधूनमधून बदला. दुसरं, शटरखालची फट बुजवा. या दोन्ही गोष्टी स्वतः करून मग एचआरकडे जा, हातात काहीतरी केलेलं असलं की ऐकून घेतात. उंदरांचा मुद्दा सांगा पण फार ताणू नका, मांजरं उंदीर धरतात हे खरं, पण मोठ्या घुशीच्या वाटेला शक्यतो जात नाहीत. पेस्ट कंट्रोलवाला औषध टाकतो का हे मात्र विचाराच, ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तीही जाऊ शकते. इंजिनच्या कूलंटचंही तसंच, इथिलीन ग्लायकॉल असतं त्यात, सांडलेलं चाटलं तर किडनी जाते, पुसून घेत चला. आणि थंडीत, पावसात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारा, आत ऊबेला मांजर बसलेलं असू शकतं.

हो, तुमचं मशीन शॉप आहे म्हणून हे सगळं. फूड किंवा फार्माचा प्लांट असता तर आत मांजर नकोच या एचआरच्या म्हणण्याला मीही हो म्हटलं असतं, खाणं गेटबाहेर.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या दारात दोन मांजरं बसतात. ऑफिसातल्या एकीला चौथा महिना आहे, सगळे म्हणतात मांजरांमुळे बाळाला धोका, हाकला त्यांना. खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थोडं खरं आहे, बरंचसं भीती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, दारात बसलेल्या मांजराकडे बघून येत नाही. ताज्या विष्ठेतूनही लगेच नाही, एखाद-दोन दिवस ती तशीच पडून राहिली की मग. त्यामुळे तिने मांजराची घाण साफ करायची नाही, कुंड्यांची माती हातमोज्याशिवाय हाताळायची नाही, आणि दारातली घाण दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज उचलायची. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यातूनही तोच आजार होतो, त्याबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि मांजरं राहू द्या.

प्रश्न : गोडाउनमधल्या मांजरीला सोडवताना तिने हात ओरबाडला, थोडं रक्त आलं. घरचे म्हणतात हळद लाव, मांजराचं काही होत नसतं.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यांना मेलवर त्याच दिवशी कळवलं, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. मांजरामुळेही रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर उपाय नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हळद-चुना-तिखट काही नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात, तिथे लस फुकट मिळते. रक्त आलं असेल तर तसं सांगा, मग लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. पहिला डोस झाला की पुढच्या तारखा लिहून घ्या आणि सगळ्या पूर्ण करा. आठवडा उलटून गेला असला तरी जा, उशीर झाला म्हणून बसून राहू नका.