जुनी सॅन स्टॉर्म (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) गरम झाली की बंद पडते. फ्युएल पंप बदलायचा का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात दुपारी वीस मिनिटं चालली की गाडी झटके देऊन बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, आणि मिस्त्री म्हणतो पंप गेला. गेलाही असेल. पण भाऊ, त्याने मोजलं काय? टाकीला कान लावून पंपाला फाशी देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

स्टॉर्मची बॉडी फायबरची. इतर गाड्यांत पत्राच अर्थिंगचं काम करतो. इथे पंपाला परतीची वेगळी वायर लागते आणि तिच्या प्रत्येक जोडावर गंज चढतो. अशाच एका स्टॉर्मला दोन नवे पंप बसवून झाले होते. प्लग काढून मल्टीमीटर लावला की 12.4 व्होल्ट, सगळे खूश. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एक तार शिल्लक असली तरी तो 12 दाखवणारच. प्लग जोडून, इंजिन चालू ठेवून, मागच्या बाजूने पिना टोचल्यावर निघाले 9.1. बॅटरीवर तेव्हा 13.8 होते. मग लाल पिन पंपाच्या अर्थ टर्मिनलवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर: 3.2 व्होल्ट. हा आकडा 0.2 च्या आत हवा. उरलेले दीड व्होल्ट रिलेचा, म्हणजे पंपाला वीज सोडणाऱ्या स्विचचा, जळका 87 नंबरचा पाय खात होता. वायरीच्या टोकाला नवं थिंबल, पॉलिश पेपर, नवा रिले, पंपावर 13.3. दोन्ही जुने पंप तोवर भंगारात गेले होते.

तुम्हीही माप गाडी बंद पडल्यावर, गरम असतानाच घ्या. थंड गाडीवर सगळं ठीकच दिसतं. स्टार्टर मारताना पंपावर 10 च्या वर व्होल्ट येतात तरी पंप गप्प? टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलकं ठोका. फिरला तर ब्रश झिजलेत, खुशाल बदला. पंप फिरतोय, तर रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) पाइपात दाबाचं गेज लावा. साधारण 3 बार हवेत, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल तर थोडे कमी. कमी दिसलं तर रिटर्नची, म्हणजे टाकीकडे परत जाणारी, रबरी नळी क्षणभर चिमटा. दाब चढला तर दोष रेग्युलेटरचा. नाही चढला तर फिल्टर किंवा जाळी तुंबलीय, नाहीतर पंप थकलाय. फिल्टर स्वस्त, म्हणून आधी तो. दाब पुरेसा असूनही इंजिन मेलेलं असेल तर पंपाचा नाद सोडा आणि स्पार्क बघा. क्रँक सेन्सर आणि इग्निशन कॉइलही गरम झाल्यावर अशीच नाटकं करतात.

मे महिन्यात टाकी पावच्या खाली नेऊ नका. पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच, आणि 45 डिग्रीत थोडं उरलेलं पेट्रोल चहासारखं तापतं. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्याही बदलून घ्या.

आधी सांगायला हवं होतं ते आता: गेज लावण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. जोडावर फडकं धरा, अग्निशामक हाताशी ठेवा. शटर बंद करून हे काम नको, मग बाहेर कितीही ऊन असो.