‘फ्रँकेनस्टाइन’: आधी कादंबरी वाचावी की नाटक पाहावे?

लंडनच्या नॅशनल थिएटरने २०११ मध्ये केलेले ‘फ्रँकेनस्टाइन’ मूळ कादंबरीशी कितपत प्रामाणिक आहे आणि आधी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी नाटक पाहावे.

मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत वॉल्टन या दर्यावर्दी संशोधकाची पत्रे, त्यांत व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन या शास्त्रज्ञाची हकीकत आणि तिच्या पोटात त्याने घडवलेल्या जिवाचे निवेदन आहे. त्यामुळे तो बोलू लागेपर्यंत आपण त्याच्याकडे व्हिक्टरच्याच किळसेने पाहिलेले असते. निक डिअर यांच्या नाट्यसंहितेत वॉल्टन नाहीच. डॅनी बॉइल यांनी बसवलेला प्रयोग थेट त्या जिवाच्या जन्मापासून सुरू होतो. तो जमिनीवर पडतो, हातपाय झाडतो, उठू पाहतो, तोंडावर आपटतो, पुन्हा उठतो, आणि हे सारे कितीतरी वेळ एकाही वाक्याशिवाय चालते. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रयोग यूट्यूबवर विनामूल्य दाखवला गेला, तेव्हा सदाशिव पेठेतल्या घरी लॅपटॉपच्या लहानशा पडद्यावर पाहतानाही माझा श्वास अडकला होता. व्हिक्टर येऊन त्याला झिडकारतो तोवर आपण त्या जिवाच्या बाजूचे झालेले असतो.

१८२३ मध्ये ही कथा प्रथम रंगमंचावर आली तेव्हा त्या जिवाला मुके केले होते आणि जाहिरातीत त्याच्या नावाची जागा कोरी ठेवली होती. त्याची वाणी या नाटकाने परत दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

बदल मात्र लहान नाहीत. कादंबरीत तो डी लेसी कुटुंबाला फटीतून चोरून पाहत भाषा शिकतो. नाटकात त्या घरातले आंधळे म्हातारे डी लेसी त्याला समोर बसवून शिकवतात. हा प्रसंग सुंदर आहे, तरी भिंतीपलीकडच्या त्या एकटेपणाची धार त्यात उरत नाही, अशी माझी तक्रार आहे. कादंबरीत तो त्यांचे रिकामे घर जाळतो, इथे माणसांसकट जाळतो. व्हिक्टरची पत्नी एलिझाबेथ हिच्यावरील बलात्काराचाही प्रसंग मूळ पुस्तकात नाही. सोबत कुणी लहान असल्यास आधीच विचार करावा.

बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर हे व्हिक्टर आणि तो जीव या दोन भूमिका आलटून पालटून करीत. शक्य झाल्यास दोन्ही प्रयोग पाहावेत आणि मग कादंबरीतले त्या जिवाचे निवेदन सलग एका बैठकीत वाचावे.