चार्ज घेण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं ट्रेनिंग संपवून तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून चार्ज घेणार, हे कळलं. ऊर भरून आला. कायदा तुला चांगला येतो. मी लिहितोय ते फोनबद्दल.

माझ्यापुढे बांधाचा एक दावा होता. तो मी फेटाळला. संध्याकाळी बाहेर पडलो तर व्हरांड्यात हरलेला म्हातारा वादी उभा, हातात नातवाचा मोबाइल. पडद्यावर प्रतिवादीच्या वकिलाच्या मुलीच्या साखरपुड्याचा फोटो, खाली माझं नाव आणि लाइकचा अंगठा. म्हातारा भांडला नाही. "साहेब, आधी सांगितलं असतं तर एवढ्या खेपा घातल्या नसत्या," एवढंच म्हणाला. निकाल अपिलातही टिकला. पण त्याच्या लेखी तो त्या अंगठ्यानंच लागला होता, आणि ते मी आजही पुसू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ ला न्यायमूर्तींसाठी जो सोळा कलमी ठराव केला, तो पुन्हा वाच. तेव्हा फेसबुक नव्हतं. पण चार हात लांब राहावं, राजकारणावर किंवा आपल्यापुढे येऊ शकेल अशा विषयावर जाहीर बोलू नये, निकालालाच बोलू द्यावं, हे सगळं त्यात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या महिला न्यायाधीशांची सेवा संपवल्याच्या प्रकरणातल्या सुनावणीत न्या. नागरत्ना आणि न्या. कोटिश्वर सिंह यांच्या पीठाने तर तोंडी सांगितलं, की न्यायाधीशाने संन्याशासारखं राहावं, घोड्यासारखं राबावं, फेसबुकवर जाऊ नये. कारणही दिलं: आज एखाद्या निकालावर मत टाकलंस आणि उद्या तोच निकाल कुणी तुझ्यापुढे दाखला म्हणून ठेवला, तर? संन्यास मला पूर्ण पटत नाही. लोक कशात जगतात हे न्यायाधीशाला कळायला हवं. कारण मात्र शंभर टक्के पटतं.

कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपमधून निघ. त्यातले काही जण उद्या तुझ्यापुढे वकीलपत्र दाखल करतील. न सांगता निघू नकोस. 'पोस्टिंग झाली, राग मानू नका' एवढं लिही. टोपणनावाने लिहायचा मोह होईल. तालुक्यात काही लपत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रात्री घरी बसून आरोपीचं किंवा फिर्यादीचं प्रोफाइल उघडू नकोस. तिथला फोटो रेकॉर्डवर नसतो, त्याला पुराव्याचा क्रमांक म्हणजे निशाणी पडलेली नसते, त्यावर उलटतपास झालेला नसतो, आणि तू तो पाहिलास हे दोन्ही वकिलांना माहीत नसतं. तुझ्या डोक्यात मात्र तो घर करून बसतो. जामिनाचा अर्ज समोर आला, की तोच आधी आठवतो. माणसाला उत्तर द्यायची संधीच न देता तू त्याच्याविरुद्ध पुरावा वाचलेला असतोस.

आईला सांग, कोर्टाच्या डायसवरचा तुझा फोटो स्टेटसला ठेवू नको म्हणावं. तिला वाईट वाटेल. फ्रेम करून घरात लावू दे.

पहिल्या दिवशी खटल्यांचा बोर्ड संपला, की फोन कर. मी वाट पाहीन.

तुझे सर