लहानपणी घरात रोज दारू आणि मारहाण पाहिली. आता पस्तिशीत बीपी, ॲसिडिटी, झोप नाही. याचा संबंध असू शकतो का?

हो, असू शकतो. "जुनं उगाळत बसू नकोस" असं घरचे म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, पण शरीर ते विसरलेलं नसतं.

अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करायचे. 1985च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं वजन चांगलं उतरतंय तेच मध्येच सोडून जातायत. विचारपूस केल्यावर त्यातल्या अनेकांनी लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. मग डॉ. रॉबर्ट अँडांसोबत त्यांनी 17,000हून जास्त लोकांना मारहाण, अपमान, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा गोष्टींबद्दल विचारलं. 1998 साली पहिले निष्कर्ष आले. चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट होता. हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजारही जास्त. हे लोक बहुतेक शिकलेले, विमा असलेले होते, त्यामुळे सगळं गरिबीवर ढकलता येत नाही.

माझेही वडील प्यायचे. जिन्यावर चप्पल कशी वाजते यावरून आज किती झालीय ते आम्हा भावंडांना कळायचं. लगेच टीव्ही बंद, धाकटी आईच्या मागे. अशा वेळी अंगात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स उसळतात. धोका टळला की ती उतरायला हवीत. पण रोज संध्याकाळी हेच चाललं तर शरीर कायमचं सावध राहायला शिकतं. झोप, पचन, बीपी सगळ्यावर त्याचा ताण येतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिनला एका पिढीचा जन्मापासून पाठपुरावा झालाय. त्यात लहानपणी छळ झालेल्यांच्या रक्तात 32व्या वर्षीही सूज दाखवणारं सीआरपी हे प्रथिन जास्त आढळलं.

मात्र फेलिटी-अँडांच्या अभ्यासावरून निघालेली, असे किती प्रकार सोसले ते मोजणारी नेटवरची दहा प्रश्नांची चाचणी सोडवून स्वतःचं भविष्य काढू नका. त्यातून येणारा आकडा एकेका माणसाचं निदान करण्यासाठी नाही, असं खुद्द अँडांनीच 2020 मध्ये लिहिलंय. हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. फार कठीण घरांतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं सक्षम, माणसं जोडून राहणारी झाली. त्यांच्यापैकी अनेकांना आजी, मावशी, शिक्षक असं एखादं खात्रीचं माणूस लाभलं होतं. आमच्याकडे ती मावशी होती.

बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे लहानपणही सांगा. आपल्याकडे ते सहसा विचारत नाहीत. सोबत समुपदेशक बघा. पैशांची अडचण असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गटही आहेत. आणि "आधी वडिलांना माफ कर, मग बरं वाटेल" असं कुणी सांगितलं तर ऐकायलाच हवं असं नाही. माफी द्यायची की नाही हे तुम्ही सावकाश ठरवा, उपचार आत्ता सुरू करा.