जर्मनीत उन्हाळ्यातली जादा सोलर वीज बॅटरीत भरून हिवाळ्यात का वापरत नाहीत?

तुमचा भाऊ स्टुटगार्टजवळ घरावर सोलर पॅनल बसवतोय आणि एकदाच दणकून मोठी बॅटरी घ्यावी, म्हणजे उन्हाळ्याची वीज डिसेंबर-जानेवारीत वापरता येईल, असं त्याच्या डोक्यात आहे. तसं करता येतं का, असा तुमचा प्रश्न. करता येतं. परवडत मात्र नाही, आणि किती परवडत नाही ते आकडे मांडल्याशिवाय पटत नाही.

मी बव्हेरियात राहतो. छपरावर १० किलोवॅटचे पॅनल, तळघरात १० युनिटची बॅटरी. जूनमधल्या चांगल्या दिवशी ५० युनिटच्या वर वीज तयार होते. डिसेंबरात धुकं धरलं की मोबाइलवर दिवसभराचा आकडा दिसतो एक-दीड युनिट, आणि पॅनलवर बर्फ साचला तर तेवढाही नाही. सूर्य आठच्या सुमारास उगवतो, साडेचारच्या आत मावळतो, मधल्या वेळेतही जेमतेम समोरच्या झाडांच्या शेंड्यावर येतो. आणि घर गरम ठेवणारा हीट पंप नेमका याच दिवसांत रोजचे २५-३० युनिट ओढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून अडीच हजार युनिटची तूट पडते. जूनमध्ये जी वीज मी ग्रिडला ८ सेंटला देतो, तीच जानेवारीत ३० सेंटच्या वर मोजून परत घेतो. चीड येते, कबूल आहे.

आता बॅटरीचं गणित. एक युनिट साठवायची क्षमता बसवून सगळं मिळून ४०० युरोला पडते असं धरू. ती वर्षातले अडीचशे दिवस भरली-रिकामी झाली आणि पंधरा वर्षं टिकली, तर साठवलेल्या प्रत्येक युनिटमागे ११ सेंटचा खर्च. ठीक आहे. पण तीच बॅटरी ऑगस्टमध्ये भरून जानेवारीत रिकामी करायची म्हटलं, तर ती वर्षातून एकदाच कामाला येणार. पंधरा वर्षांत पंधरा वेळा. म्हणजे युनिटमागे जवळपास २७ युरो! आणि अडीच हजार युनिटची बॅटरी १० लाख युरोंची. एवढ्यात तुमच्या भावाला शेजारचं घरही घेता येईल.

देशाच्या पातळीवर चित्र थोडं वेगळं आहे. इथे वारा हिवाळ्यात जास्त वाहतो, त्यामुळे ऊन कमी झालं तरी पवनचक्क्या बरीचशी तूट भरून काढतात. अडचण होते ती ऊन आणि वारा दोन्ही एकदम गायब होतात तेव्हा. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४ मध्ये असे दिवस आले. १२ डिसेंबरला संध्याकाळी घाऊक बाजारात विजेचा भाव मेगावॅट-तासाला ९३६ युरोवर गेला, म्हणजे युनिटला ९० सेंटच्या वर. जर्मनीतल्या सगळ्या उदंचन प्रकल्पांत, म्हणजे पाणी वर चढवून ठेवून नंतर खाली सोडणाऱ्या जलविद्युत केंद्रांत, मिळून साधारण ४ कोटी युनिट मावतात. देशाला रोज लागतात १३० कोटी. तासभरसुद्धा पुरत नाही. याउलट जमिनीखालच्या गॅसच्या साठ्यांत २५,००० कोटी युनिटइतकी ऊर्जा राहते. हिवाळा आजवर त्याच जोरावर निघालाय. म्हणून आता मिठाच्या थरांत पोखरलेल्या पोकळ्यांमध्ये हायड्रोजन भरायचा विचार चाललाय. पोकळ्या स्वस्त, गळती नगण्य. पण विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची पुन्हा वीज करताना १०० युनिटमधले ३५-४० हाती लागतात. शेवटचा आधार म्हणून ठीक आहे, रोजचा मार्ग म्हणून मला पटत नाही.

हंगामाची बेगमी करायची तर भांडं फुकटात पडल्यासारखं स्वस्त हवं. डेन्मार्कवाल्यांनी हे बरोबर हेरलं. त्यांना हिवाळ्यात मुख्यतः उष्णता हवी, मग विजेच्या भानगडीत पडायचंच कशाला? व्होयेन्स गावात खडी-वाळूच्या जुन्या खाणीत प्लास्टिकचं अस्तर घालून दोन लाख घनमीटरचं तळं केलंय. उन्हावर तापवलेलं पाणी त्यात सोडतात आणि वर तरंगतं जाड उष्णतारोधक झाकण. पाऊस पडला की झाकणावर डबकी साचतात, ती पंपाने उपसावी लागतात. तंत्रज्ञान म्हणाल तर एवढंच. सुमारे दोन हजार घरांना नळातून पोचणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा यातून जातो. घरच्या अंगणात हे जमत नाही, कारण टाकी जितकी लहान तितकी ती आकारमानाच्या मानाने लवकर निवते. गावभर पाइपांचं जाळं असेल तरच.

फिनलंडच्या ‘वाळूच्या बॅटरी’च्या, म्हणजे विजेने वाळू किंवा दगडी चुरा तापवून त्यात उष्णता साठवण्याच्या, बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पोर्नाइनेन गावातली २००० टन दगडी चुऱ्याची आहे, १०० मेगावॅट-तासांची. काम चोख आहे, पण हिवाळ्यात ती गावाला आठवडाभर पुरते. ‘उन्हाळा साठवला’ वगैरे मथळे जरा जास्तच.

खरी हंगामी साठवण आहे नॉर्वेकडे. वसंतात आणि उन्हाळ्यात बर्फ वितळून त्यांचे जलाशय भरतात, हिवाळ्यात रिकामे होतात. २०२१ पासून १४०० मेगावॅटची समुद्राखालची केबल त्यांना जर्मनीशी जोडते. जर्मनीत वारा जोरात असला की नॉर्वे आपली धरणं मिटून ती स्वस्त वीज घेते, पाणी वर चढवायचीही गरज नाही. उलट्या दिवशी मात्र जर्मनीची महागाई दक्षिण नॉर्वेतल्या बिलात उतरते आणि तिथले लोक वैतागतात. त्यांचं चुकत नाही.

आपल्याकडे कोयना हेच करते, चार महिन्यांच्या पावसावर पुढच्या मेपर्यंत. बाकी महाराष्ट्राला ही डोकेदुखी फारशी नाही. आपला हिवाळा स्वच्छ उन्हाचा, आणि पावसाळ्यात सोलर पडतं तेव्हा साताऱ्याच्या पठारावर वारा असतो. आपल्याला लागते ती संध्याकाळच्या चार-सहा तासांची साठवण. त्यासाठी बॅटरी किंवा घाटघरसारखा उदंचन प्रकल्प पुरतो.

भावाला सांगा, ८-१० युनिटच्या वर बॅटरी घेऊ नकोस. त्याला वाव असेल तर काही पॅनल दक्षिणेच्या भिंतीवर उभे लावावेत. जूनमध्ये ते कमी देतील, पण हिवाळ्यातलं तिरपं येणारं ऊन त्यांवर नीट पडतं आणि बर्फ टिकत नाही. उरलेले पैसे खिडक्या आणि छपराच्या इन्सुलेशनमध्ये घालावेत. घर जुनं असेल तर हे आधी, पॅनल नंतर.